अंगठा लागत नाही

मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा.
निंगव्वानं अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला.
पुन्हा ठेवा.
खानापूरच्या बँकेतला पोरगा
आधी कन्नडमध्ये बोलला, मग मराठीत,
मग नुसताच आमच्या हातांकडे बघत राहिला.

बावीस वर्षं काजू फोडलाय तिनं.
टरफलातला चीक आधी कातडी काळी करतो,
मग पापुद्रे काढतो,
मग बोटांवरच्या बारीक रेघा
पाटी पुसावी तशा पुसून नेतो,
राख लावा की खोबरेल.
सरकारच्या लेखी माणूस म्हणजे त्या रेघा.
अकरा जणींतल्या सात
त्या सकाळी कुणीच नव्हत्या.

शेवटी डोळ्यांवर भागलं.
डोळे चीक खात नाही, धूर खातो,
पण अजून पुरते खाल्ले नव्हते.

कंपनी हा शब्द इस्तेलिनचा.
आम्ही म्हणायचो, आपलं शेड.

शेठ वाईट होता असं म्हणवत नाही.
कुणाच्या घरी लग्न निघालं की पाच हजार द्यायचा, न मागता.
फक्त त्याचा काटा त्याच्याकडे तोंड करून असायचा.
बायकांना काट्याची पाठ दिसायची
आणि तो सांगेल तो आकडा.
तुकडा निघाला की मजुरी कापायचा,
आणि तोच तुकडा बेळगावात मिठाईवाल्याला विकायचा.
दोन्ही गोष्टी एकाच वहीत असायच्या,
चार पानांच्या अंतरानं.
मला ठाऊक आहे. वही मी लिहायचे.

आपल्या शेडमध्ये पहिल्यांदा आला तो काटा.
वाफेचा डबा नंतर, हातमोजे त्याच्याही नंतर.
द्रौपदीनं काट्याचं तोंड दाराकडे केलं,
जांबोटीच्या रस्त्यानं जाणाऱ्या म्हशीलाही
वजन वाचता यावं असं.

मग नावाच्या पाटीवरून जुंपली.
कन्नड मोठं, तो कायदा.
मराठी कुठं आणि केवढं, यात दोन रविवार गेले.
निंगव्वा म्हणाली, काजूला विचारा की,
कुठल्या भाषेत फुटतोस रे?
हसलो. भांडण मिटलं नाही,
पाटी मात्र लागली.

खरं भांडण हातमोज्यांचं.
मोजे घातले की हात मंदावतो.
शेवंता दिवसाला आठ किलो गर काढायची, ती साडेपाचवर आली,
आणि मोजे काढून फेकले तिनं.
किलोवर पैसे देता, मग हात बांधता कशाला?
म्हणून ठरलं, रोजावर द्यायचे, सगळ्यांना सारखे.
तर तीच उठली,
मी आठ काढते, ती पाच,
सारखं कसं गे? हा कुठला न्याय?
कुणी बोललं नाही.
गोदूचा डावा हात थरथरतो, तिनं तो मांडीखाली घेतला.

त्या रात्री मी वहीत शेवटच्या पानावर
न्याय असा शब्द लिहून बघितला.
जमेत धरायचा की खर्चात, कळेना.
पेन्सिलीनं लिहिला होता म्हणून बरं.

पावसाळ्यात बाहेरच्या देशातला काजू उतरला, भाव पडला.
चार डबे परत आले.
शेवंता दोन महिने शेठकडे जाऊन आली.
आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही,
इस्तेलिननं तिचे मोजे खुंटीवरून काढून दिले फक्त.
वर्षाअखेरी उरले अकरा हजार दोनशे.
वाटले असते तर प्रत्येकीला हजार,
वर एक पोतं चहा-साखर.
वाटले नाहीत. चष्मे केले,
आणि गोदूसाठी पायानं दाबायचं फोडणी यंत्र,
जुनंच, चंदगडहून.

परवा रेशनच्या दुकानात
निंगव्वानं सवयीनं दहाही बोटं एकेक करून ठेवली.
डाव्या हाताची करंगळी लागली.
हिरवा दिवा.
तिनं ती करंगळी मला दाखवली,
लहान मूल दात दाखवतं तशी.
खरंच, बारीक रेघा होत्या,
पाणी आटल्यावर चिखलात उमटतात तशा.

मी माझा अंगठा बघितला.
माझा पहिल्यापासून लागतो, पहिल्या फटक्यात.
मी कधी काजू फोडला नाही.
मी फक्त लिहायचे.